पारायण: शेवट गाठणं की परायण होणं?

मूळ मुद्दा
'पारायण म्हणजे ग्रंथाशी परायण होणं, तेव्हा रोज मनाला येतील त्या पाच ओव्या वाचल्या तरी पारायणच', असं काही निरूपणांत सांगतात. मला हे साफ अमान्य आहे. परायण म्हणजे पर + अयन, एखाद्या गोष्टीला सर्वस्व मानणारा: धर्मपरायण, कर्तव्यपरायण. पारायण म्हणजे पार + अयन, पैलतीरापर्यंत जाणं. दोन्हींत 'र'मुळे 'न'चा 'ण' झाला, म्हणून गल्लत होते. पाणिनीने आपल्या व्याकरणात (अष्टाध्यायी, सूत्र ५.१.७२) पारायण हे तुरायण (एक यज्ञ), चांद्रायण (चंद्रकलांप्रमाणे घास कमी-जास्त करायचं व्रत) यांच्या पंक्तीत बसवलंय. चांद्रायण अर्ध्यावर सोडून कुणी व्रत झालं म्हणत नाही.

प्रतिसाद १
व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष नाही. पतंजलीच्या महाभाष्यात (पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्यात) बृहस्पती इंद्राला हजार दिव्य वर्षं शब्दपारायण, म्हणजे भाषेतला एकेक शब्द, सांगतो आणि शेवट लागत नाही. तरी शब्द पारायणच! म्हणजे ओळीने, काही न गाळता जाणं हा गाभा. आणि पारायण सात दिवसांत करायची रीत तर शब्दात कुठेच नाही.

प्रतिसाद २ (मूळ मुद्दा मांडणारा)
पतंजलीचा दाखला तुमच्याविरुद्ध जातो. एकेक शब्द सांगून भाषा शिकवणं हा उपायच नव्हे, हे त्याला दाखवायचंय. शेवट न लागणं हाच तिथला दोष.

प्रतिसाद ३
सात दिवस परंपरेने ठरवले, पण वाटणी विचारपूर्वक केलेली आहे. गुरुचरित्रात रोज कितव्या अध्यायापर्यंत वाचायचं त्याचे टप्पे ९, २१, २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी अवतरणिकेपर्यंत, म्हणजे शेवटच्या सारांशाच्या अध्यायापर्यंत. पाचव्या दिवशी तीनच अध्याय, कारण ३६वा आचारधर्माचा, खूप मोठा. रोज सरसकट सात-आठ अध्याय धरले की त्या दिवशी गाडी अडते, वाचन घाईत उरकलं जातं. ज्ञानेश्वरीतही अध्याय मोजून भागत नाही: बाराव्यात अडीचशेच्या आत ओव्या, अठराव्यात अठराशेच्या आसपास. तिथे ओव्या मोजूनच वाटणी करावी. ऋग्वेदाची मंडलं, म्हणजे मूळ विभाग, लहानमोठी, म्हणून पठणासाठी आठ अष्टकं, प्रत्येकी आठ अध्याय, असे ६४ जवळपास सारखे भाग केले. शेवट गाठायचा नसता तर हा खटाटोप कशाला?

प्रतिसाद १
ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या. रोज पाच, ओळीने, म्हणजे पाच वर्षं. शेवट गाठला जातोच. मनाला येईल तिथून वाचणाऱ्याची बाजू मी घेत नाही, पण रोज पाच ओव्या ओळीने वाचणाऱ्याचं पारायण नाही म्हणायला पाणिनीत आधार दाखवा.

प्रतिसाद २ (मूळ मुद्दा मांडणारा)
ओळीने आणि शेवटपर्यंत असेल, तर शब्दाची हरकत नाही. पण संकल्प, मुदत नसेल तर त्याला नित्यपाठ म्हणावं. तो शब्द काही कमी दर्जाचा नाही.