गणेशोत्सवात आई आणि मुलांना घेऊन एका दिवसाची मुंबई: आखणी कशी करावी?

सिडकोवासी

नमस्कार. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. आमच्याकडे गौरी-गणपती असल्यामुळे गौरींचे विसर्जन होईपर्यंत घर सोडता येत नाही. त्यानंतर एखाद्या दिवशी सकाळी नाशिकहून निघावे, मुंबईचे सार्वजनिक गणपती पाहावेत आणि रात्री घरी परतावे, असा विचार आहे. बरोबर बहात्तर वर्षांची आई, पत्नी आणि आठ व पाच वर्षांची मुले असतील. आईचे गुडघे दुखतात, परंतु लालबागच्या राजाचे दर्शन घ्यावे ही तिची फार जुनी इच्छा आहे. मुलांना उंच मूर्ती पाहायच्या आहेत आणि पत्नीला किंग्ज सर्कलचा जीएसबी मंडळाचा गणपती. आता समृद्धी महामार्ग झाला आहे, तर स्वतःच्या गाडीने जावे की रेल्वेने? आणि एका दिवसात यातले काय खरोखर जमेल?

नाशिकरोडकर

रेल्वेनेच जावे. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो हे खरे, पण आमण्यापासून पुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक असतेच, आणि उत्सवाच्या दिवसांत दक्षिण मुंबईत गाडी उभी करायला जागा शोधण्यात तुमची दुपार निघून जाईल. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास सुटते, अकराच्या आत तुम्ही सीएसएमटीला पोहोचता आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास तीच गाडी परत निघते. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. जातानाचे आणि येतानाचे अशी दोन्ही तिकिटे त्याच दिवशी काढून ठेवा. पासधारकांची गर्दी असल्यामुळे आरक्षणाशिवाय आईंना बसायला जागा मिळेल, या भरवशावर राहू नका.

गिरगावची माहेरवाशीण

दादा, तुमच्या हातात साधारण सात तास आहेत. त्यात लालबाग, किंग्ज सर्कल आणि गिरगाव असे तिन्ही बसवायला गेलात, तर दिवस रस्त्यात आणि रांगेत जाईल. शिवाय किंग्ज सर्कलच्या जीएसबीचा गणपती पाचच दिवसांचा असतो, त्यामुळे तुम्ही निघाल तेव्हा त्याचे विसर्जन झालेले असेल. वहिनींना हे आधीच सांगून ठेवा.

माझे मत विचाराल तर दिवसभर गिरगावातच राहा. सीएसएमटीहून भुयारी मेट्रोने काळबादेवीनंतरचेच स्थानक गिरगाव. स्थानकात लिफ्ट असल्यामुळे आईंना जिने चढावे लागणार नाहीत. सुरुवात खाडिलकर मार्गावरील केशवजी नाईक चाळीपासून करा. १८९३ पासूनचा हा उत्सव मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव मानला जातो आणि १९०१ साली लोकमान्य टिळक तेथे येऊन गेले होते. मूर्ती मातीची आणि लहानशी असते, चाळीच्या लाकडी कठड्यांच्या मधल्या जागेत आरास असते, आणि मोठ्या मंडळांच्या मानाने गर्दी कमी असल्यामुळे आईंना बाप्पापुढे निवांत उभे राहता येते. मुलांसाठी तेथून खेतवाडी गाठा. गल्लीगल्लीत वेगळा गणपती आहे आणि उंच मूर्ती पाहण्याची हौस तेथे पुरेपूर भागते. मधल्या वेळेत ठाकूरद्वारच्या बाजूला मिसळ आणि पीयूष घ्या; जेवणाच्या ऐन वेळी जागा मिळत नाही, म्हणून बाराच्या आधीच बसा.

दिवस मात्र शनिवार-रविवार नको आणि अनंत चतुर्दशी तर मुळीच नको. मुलांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. भाद्रपदातला पाऊस सांगून येत नाही. गर्दीत छत्रीपेक्षा रेनकोट बरा.

पंचवटीकर

ताईंचे बाकी सर्व पटले, परंतु आईंची इच्छा इतक्या सहज बाजूला ठेवू नये असे मला वाटते. बहात्तराव्या वर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. लालबागला नवसाची आणि मुखदर्शनाची अशा वेगळ्या रांगा असतात. नवसाची रांग थेट चरणांपर्यंत जाते आणि तिला फार वेळ लागतो. मुखदर्शन लांबून होते, पण त्या मानाने लवकर होते. चिंचपोकळी स्थानकापासून हा परिसर चालत जाण्याजोगा आहे, आणि १९२० पासूनचा चिंचपोकळीचा चिंतामणी व १९२८ पासूनचा गणेश गल्लीचा गणपतीही तिथेच जवळ आहेत. गिरगाव सोडून फक्त लालबाग करावे, असे मी सुचवेन.

गिरगावची माहेरवाशीण

पंचवटीकर दादा, आईंच्या इच्छेचा मान राखायचा, याबद्दल दुमत नाही. पण मुखदर्शनाच्या रांगेतही काही तास जाऊ शकतात आणि दुखऱ्या गुडघ्यांना तेवढे उभे राहणे झेपणार नाही. पाच वर्षांचे मूल बरोबर असेल, तर घरातले दोघे मुलातच गुंततात आणि आईंकडे बघायला कोणी उरत नाही. लालबाग करायचेच असेल तर त्यासाठी वेगळी फेरी काढावी. दादांनी एकट्याने आईंना न्यावे, आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करावा आणि पहाटेच रांगेला लागावे.

सिडकोवासी

सर्वांचे मनापासून आभार. रात्री आईला हे सर्व वाचून दाखवले. केशवजी नाईक चाळीचे ऐकून ती लगेच तयार झाली. लालबागसाठी मात्र तिला मुलांशिवाय, माझ्याबरोबर एकटीनेच जायचे आहे. आमची आत्या परळला असते, तिच्याकडे मुक्कामाचे आजच विचारतो. गिरगावची फेरी विसर्जनानंतरच्या मंगळवारी ठरवली आहे. ताई, चाळीत दुपारी बारा ते चारच्या दरम्यान दर्शन चालू असते का, एवढे माहेरी विचारून कळवाल का?