अनुभव धागा : शपथ घेताना तुम्हाला काय वाटलं?

29 वर्षं तालुक्याच्या कोर्टात कारकून होतो. पट्टेवाल्यानं पुकारा केला की साक्षीदार पिंजऱ्यात येई आणि मी सांगे, "म्हणा, देवाची शपथ घेऊन खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." गीतेवर हात ठेवणं सिनेमातलं. 1969च्या शपथ अधिनियमात कुठल्याही ग्रंथाचं नाव नाही, आमच्या कोर्टात गीता नव्हतीच. एकदा एक आजोबा पिंजऱ्यात चढले आणि लगेच खाली उतरले. चपला काढल्या, भिंतीशी जोडून ठेवल्या, मग वर जाऊन हात जोडले. साहेब तोवर पेन खाली ठेवून थांबले होते. तुमचेही अनुभव लिहा. गावाची, पक्षकारांची नावं नकोत.

बांधावरची
बांधाच्या दाव्यात मला सख्ख्या चुलत सासऱ्यांविरुद्ध साक्ष द्यावी लागली. सुनावणीआधी ते गावात म्हणाले, "तिला खंडोबाचा बेलभंडारा उचलायला सांगा, मी दावा सोडतो." मी तयार होते. वकिलांनी समजावलं, की 1873च्या जुन्या कायद्यात अशी सोय होती, समोरच्याच्या शपथेवर निकाल मान्य करता यायचा, पण आता ती नाही. कोर्टात शपथ एका ओळीत झाली आणि उलटतपास दीड तास चालला. खरं सांगते, भंडारा उचलणं सोपं गेलं असतं. पिंजऱ्यातून मामंजींकडे बघत बोलणं जड गेलं.

तर्कनिष्ठ
मी देव मानत नाही. "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो" असं म्हणेन, असं सांगितल्यावर समोरच्या वकिलांनी विचारलं, "मग हे खरं बोलतील कशावरून?" न्यायाधीशांनी त्यांना तिथंच थांबवलं. तो पर्याय कायद्यातच आहे आणि खोट्या साक्षीची शिक्षाही तीच, सात वर्षांपर्यंत. मला ते वाक्य मनापासून म्हणता आलं याचं फार समाधान वाटलं.

दुभाष्या, गडचिरोली
शपथ दुभाष्यालाही असते, हे बहुतेकांना माहीत नसतं. प्रश्न आणि उत्तरं नीट, अचूक समजावून सांगेन, अशी. मी माडियातून मराठीत सांगत होतो. "तुम्ही भांडण पाहिलं का?" या प्रश्नावर बाईंनी नुसती मान हलवली. वकील म्हणाले, "हो म्हणाल्या, लिहून घ्या." पण ती मान 'हो' म्हणून हलली की 'ऐकलं' म्हणून, ते मला कळलं नव्हतं. परत विचारायची परवानगी मागितली. कोर्टात सगळे चुळबुळ करायला लागले. बाई म्हणाल्या, "मी तेव्हा नदीवर होते. मागून आले." मी 'हो' सांगितलं असतं तर त्या साक्षीदार झाल्या असत्या न पाहिलेल्या गोष्टीच्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लेकीची आई
यांच्या अपघाताच्या वेळी लेक मागच्या सीटवर होती. साक्षीच्या दिवशी आठ वर्षांची. न्यायाधीशांनी तिला जवळ बोलावून शाळा, मैत्रिणी विचारल्या, मग म्हणाले, "खोटं बोललं की काय होतं?" ती म्हणाली, "आई बोलत नाही मग." बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल तर ती देत नाहीत, पण साक्ष घेता येते. तिला शपथ दिली नाही. सगळं सांगून झाल्यावर तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर सांगितलं ना?" मला उत्तर द्यायची मुभा नव्हती. नुसती बघत राहिले.

अनामिक
माझी शपथ कागदावरची. वडील गेल्यावर वारसाचं प्रतिज्ञापत्र केलं. टायपिस्टनं जुना मसुदा वापरला, त्यात बहिणीचं नाव आलंच नाही. "सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की" याच्याखाली मी न वाचता सही केली. महिन्याभरानं लक्षात आलं. दुसरं प्रतिज्ञापत्र करून तिचं नाव घातलं, घरी जाऊन माफी मागितली. ती काही बोलली नाही. पण आता माझ्याकडून कुठलाही कागद घेतला की चष्मा लावते आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.