यजमानाशिवायही चहाविधी होतो

आर्ट गॅलरीतल्या चहाविधीला मध्यभागी एक जाणता चहा-गुरू हवाच, हे मत मला पटत नाही. तैवानमध्ये घडलेल्या ‘वू-वो’ चहासभेत यजमानच नसतो. नाव बौद्ध ‘अनात्म’वरून आलेलं, पण कुणी न चालवता क्रम आपसूक चालणं हे मला ताओ विचारातल्या ‘वू-वेइ’च्या, म्हणजे जोर न लावता घडू देण्याच्या, फार जवळचं वाटतं. चिठ्ठी काढून जागा ठरते, सगळे गोलात जमिनीवर बसतात. प्रत्येकाने आपली किटली, चहा, थर्मास आणि चार पेले आणायचे. तीन पेले डावीकडच्या तिघांना, चौथा स्वतःला. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार हातांचे चार चहा येतात, आणि ज्यांना दिला त्यांच्याकडून परतफेड येत नाही! सुरू झालं की बोलायचं नाही. शेवटच्या पेल्यानंतर काही मिनिटं शांत बसणं हा विधीचाच भाग. चर्चा ठेवायची तर सामान आवरल्यावर.

गॅलरीत विस्तव नको, म्हणून थर्मास सोयीचा. पण तो आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्या. नाहीतर पाणी ९० अंशांखाली उतरू शकतं आणि गोळीबंद ऊलाँग (पानांच्या गोळ्या वळलेला, अर्धवट आंबवलेला चहा) नीट उलगडत नाही. १५० मिलीच्या किटलीला ६-७ ग्रॅम पत्ती, पहिल्यांदा पत्ती पाण्यात साधारण मिनिटभर ठेवावी. चोथा किटलीतच ठेवून घरी न्यावा.