पद्मिनीचा सेल्फ दणक्यात फिरतोय पण इंजिन काही पकडत नाही, मदत हवी

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार मंडळी. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांनी नवीन घेतलेली, घरातली पहिली गाडी. पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आता बॅटरी चार्ज करून आणली, सेल्फ मस्त फिरतो पण गाडी चालू होत नाही. सुरुवातीला चोक ओढून सेल्फ मारला की मधेच एखादा फटका द्यायची, तेवढंच. मग एका मेकॅनिकला घरी बोलावलं, त्याने पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी पत्री) आणि त्याच्याबरोबरचा कंडेन्सर नवीन टाकले, प्लग घासून दिले, तरी चालू होईना, उलट आता तो एखादा फटका यायचा तोही बंद झाला. तो म्हणतोय कार्बोरेटर गेलाय, दुसरा बसवू. मला सगळा खर्च करायची तयारी आहे पण आंधळेपणाने पार्ट बदलत जायचं मनाला पटत नाही. दसऱ्याला वडिलांच्या हातून पूजा करून गाडी चालवत गणपती मंदिरापर्यंत न्यायची आहे. कुठून सुरुवात करू?

घाटावरचा_ड्रायव्हर
आधी टाकीतलं पेट्रोल काढून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळाभर अर्धी टाकी उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं आणि इंजिनला पहिलं तेच जातं. काचेच्या बाटलीत थोडं काढून बघा, खाली वेगळा थर दिसला तर समजून जा. बाकी कार्बोरेटर सहसा "जात" नाही हो, जेट म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं चोंदतात, साफ करून चालतं.

डेल्कोवाले_काका
पेट्रोल बदला, बरोबर आहे, पण कृष्णाकाठ, तुमच्या लिहिण्यातच अर्धं उत्तर आहे बघा. पॉइंट बदलायच्या आधी गाडी फटका देत होती आणि बदलल्यावर एकदम मेली. म्हणजे मूळ दुखणं वेगळं आणि पॉइंट बदलताना झालेलं दुखणं वेगळं, आता दोन दुखणी आहेत. आधी नवीन काढायचं मग जुनं. कार्बोरेटरला हातसुद्धा लावू नका अजून.

प्लग काढून बॉडीला टेकवून करंट बघायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, ती करा, पण त्याने फक्त करंट आहे की नाही एवढंच कळतं, का नाही ते कळत नाही. त्याला बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी पुरतात. कॉइलवर (प्लगसाठी व्होल्टेज वाढवते ती) दोन बारीक टर्मिनल असतात, एकावर चावीकडून करंट येतो, दुसऱ्यावरून वायर डेल्कोत, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, पॉइंटला जाते. बल्बची एक वायर या दुसऱ्या टर्मिनलला लावा, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. चावी ऑन करून कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट उघडतायत मिटतायत, पॉइंटपर्यंतचं सर्किट ठीक आहे. पॉइंट उघडा असतो तेव्हा बल्ब पेटतो, मिटला की विझतो, कारण मिटल्यावर करंट बल्ब सोडून सरळ अर्थला (गाडीच्या बॉडीला) जातो. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, किंवा मिटतायत पण तोंडाला तेल-गंज आहे. आणि अजिबात पेटला नाही तर एक तर कॉइलला करंटच येत नाही किंवा पॉइंटची लाईन कायमची अर्थ झालीय.

माझा अंदाज शेवटचा, लाईन अर्थ झाल्याचा. आधी करून सांगा, मग पुढचं बोलू. बॅटरी पण बघून घ्या, सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर सेल्फ फिरेल पण कॉइलला काही उरणार नाही.

पुणेरी_पिस्टन
एवढ्या भानगडी कशाला, सरळ इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट बसवा, पॉइंटची कटकटच संपते. मी माझ्या गाडीला बसवलाय, उत्तम चालतो.

डेल्कोवाले_काका
किट वाईट नाही, पण बंद पडलेल्या गाडीवर नवीन वस्तू चढवली की दोष आपल्या गाडीत का किटमध्ये हे कळायला मार्ग राहत नाही. आधी आहे त्या वस्तूवर गाडी चालू करावी, मग हौस म्हणून काय बसवायचं ते बसवा. आणि पॉइंट रस्त्यात बिघडला तर पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं, किट गेला तर गाडी ओढूनच आणावी लागते.

कृष्णाकाठ_सांगली
काका, बल्ब लावला. अजिबात पेटला नाही, सेल्फ मारताना पण नाही आणि नुसती चावी ऑन ठेवून पण नाही. बॅटरी सेल्फ मारताना साडेदहा दाखवते.

डेल्कोवाले_काका
छान. आता बल्ब तसाच ठेवा आणि त्याच टर्मिनलवरून डेल्कोकडे जाणारी वायर फक्त सोडवा. चावी ऑन. बल्ब पेटला तर कॉइलला करंट येतोय आणि दोष डेल्कोच्या आत आहे. नाही पेटला तर चावी, फ्यूज, वायरिंग बघायचं.

कृष्णाकाठ_सांगली
पेटला!! वायर सोडल्या सोडल्या पेटला.

डेल्कोवाले_काका
मग सापडलं. आता चावी बंद करा, डेल्कोची टोपी आणि रोटर काढा. तीन जागा बघायच्या. पहिली, पॉइंटच्या पत्रीची स्प्रिंग जिथे नटने आवळलेली असते तिथे फायबरचे वॉशर असतात, स्प्रिंग आणि वायर दोन्ही त्या फायबरच्या वर, प्लेटला कुठेही न टेकता बसल्या पाहिजेत. नवीन पॉइंट बसवताना वॉशर खालीवर झाला किंवा एक राहून गेला की पॉइंट उघडो नाहीतर मिटो, लाईन कायम अर्थ. पाकिटातून काढलेला पॉइंट घाईत बसवला की हे हमखास होतं. दुसरी, कंडेन्सरची वायर सोडून परत बल्ब बघा, नवीन कंडेन्सर आतून शॉर्ट निघतात, बाजारात मिळणाऱ्यांचा भरवसा नाही, म्हणून जुना चालणारा कधी फेकू नये. तिसरी, आतली छोटी वायर, टायमिंगबरोबर प्लेट सारखी हलते त्यामुळे तिचं कव्हर झिजून तांबं बॉडीला लागतं.

बसवताना गॅप नीट लावा. गाडी टॉप गियरला टाकून हाताने थोडी ढकला म्हणजे इंजिन हळूहळू फिरेल, पॉइंट सगळ्यात जास्त उघडला की फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालायचा, साधारण ०.४ मिमीच्या आसपास. नवीन पॉइंटच्या तोंडाला तेलकट थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पुसूनच टाका. टोपीच्या वायरी काढल्या असतील तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, रोटर कोणत्या दिशेला फिरतो ते डोळ्यांनी बघून मगच लावा.

कृष्णाकाठ_सांगली
काका तुमच्या पाया पडतो! वॉशरच होता. दोन फायबर वॉशर होते, दोन्ही एकाच बाजूला बसवलेले आणि वायरीचा चिमटा खाली प्लेटला टेकलेला. नीट लावलं, बल्ब लुकलुकायला लागला, प्लगला निळा कडकडीत करंट. टाकीतलं पेट्रोल पण बदललं, बाटलीत खाली खरंच वेगळा थर दिसत होता. कार्बोरेटरच्या तोंडात दोन थेंब पेट्रोल टाकल्यावर चालू झाली, वडील आवाज ऐकून बाहेर आले. पण थोडा वेळ चालली आणि दम लागल्यासारखी होऊन बंद पडली. परत थेंब टाकले की परत तेच.

काळीपिवळी_वारसदार
आता मी बोलतो कारण हे दुखणं मी लहानपणापासून बघतोय, आमच्याकडे मुंबईत दोन पिढ्या पद्मिनी टॅक्सी होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा फार वाईट वाटलं, म्हणून कोणाची गाडी परत चालू होतेय वाचलं की बरं वाटतं.

थेंबावर चालते आणि मग मरते म्हणजे पेट्रोल पोचत नाही. टाकी मागे आणि एसी पंप (पेट्रोल ओढणारा पंप) पुढे इंजिनवर, एवढ्या लांबून पंप पेट्रोल ओढून आणतो. वाटेत कुठल्याही रबरी पाइपला बारीक तडा गेला तर पेट्रोल बाहेर गळत नाही पण पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो, त्यामुळे खाली डाग शोधून काही सापडत नाही. टाकीजवळचा रबरी तुकडा सगळे विसरतात, तो आधी वाकवून बघा. मग पंपाला येणारी नळी सोडून साफ बाटलीत बुडवा आणि सेल्फ मारा. बाटलीतून पेट्रोल ओढलं आणि गाडी चालली तर पंप चांगला, दोष मागे. नाही ओढलं तर पंपाची डायफ्राम (आतला रबरी पडदा) किंवा व्हॉल्व्ह. आणि कृपा करून एअर क्लीनर परत बसवल्याशिवाय सेल्फ मारू नका, थेंब टाकून उघड्या तोंडाने सेल्फ मारताना बॅकफायर झाला की सरळ आग, आमच्या स्टँडवर एका गाडीचं बॉनेट जळालेलं मी बघितलंय. जवळ वाळूची बादली तरी ठेवा, बाटली इंजिनपासून लांब.

कृष्णाकाठ_सांगली
बाटलीतून व्यवस्थित ओढलं, आरामात चालली, बंद करून परत चावीवर चालू झाली. मग मागे बघितलं, टाकीजवळचा पाइप वाकवला तर कडकडून भेगा. तिन्ही रबरी तुकडे बदलायचे ठरवलंय. पंपाची डायफ्राम पण जुनीच आहे, आत्ताच बदलू का? आणि इथेनॉल सहन करेल असं रबर कुठे मिळेल?

काळीपिवळी_वारसदार
डायफ्राम आत्ताच बदला, जुनं रबर या पेट्रोलने आज ना उद्या कडक होणारच, आणि फाटली की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, त्यात इंजिनचं नुकसान. आत्ता पण ऑइलची काडी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय चालवू नका. पाइप घेताना दुकानदाराला फ्युएल इंजेक्शनचा पाइप मागा, साधा काळा नको, आणि जुना तुकडा बरोबर न्या कारण आतला व्यास महत्त्वाचा. सांगली-कोल्हापुरात नाही मिळालं तर पुण्याला नाना पेठेत, नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडला विचारा. क्लिप स्क्रूवाल्या घ्या, तार गुंडाळू नका.

डेल्कोवाले_काका
आणि तो जुना पॉइंट, कंडेन्सर मेकॅनिककडून परत मागून घ्या, डिकीत ठेवा. दसऱ्याच्या आधी दोन दिवस रोज एक चक्कर मारा, थेट पूजेच्या दिवशी पहिल्यांदा बाहेर काढू नका, ब्रेक पण पावसाळाभर बसलेले आहेत, चाकं काढून ब्रेकचे सिलिंडर गळतायत का बघून घ्या.