रिकामी गव्हाणी
नाताळची सजावट म्हणजे नुसता बाजार, असं काहीजण म्हणतात. ते मला अर्धंच पटलं. मी मूळची वसईची, लग्नानंतर मडगावात. इथे डिसेंबर लागला की सासूबाई वाटीत नाचणी पेरतात. ती उगवली की येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यातलं गवत तयार. गव्हाणी मात्र २४ च्या रात्रीपर्यंत रिकामीच, बाळ येशू तेव्हाच ठेवायचा. नाताळाआधीचा हा वाट पाहण्याचा काळ, आगमनकाळ म्हणतात तो हाच. गोठ्याची सुरुवात असिसीच्या संत फ्रान्सिसनी (आपले गोव्याचे फ्रान्सिस झेवियर नव्हेत!) १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी केली, ख्रिस्तजन्माची गरिबी डोळ्यांना दिसावी म्हणून. दारावरचं नक्षत्र, म्हणजे चांदणीचा कंदील, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं. कापसाचा बर्फ कशासाठी, ते मात्र मलाही कळत नाही. शुभवर्तमानातल्या जन्मकथेत बर्फाचा उल्लेखच नाही.