मल्टिफिडस बोटांना सापडत नाही, मदत हवी आहे

फिजिओथेरपी शिकतेय. मल्टिफिडस, म्हणजे मणक्यांना लागून असलेला पाठीचा खोल स्नायू, पुस्तकात कळतो: कमरेत मॅमिलरी प्रोसेसपासून (मणक्यावरच्या छोट्या उंचवट्यापासून) निघून २ ते ४ मणके ओलांडत वरच्या स्पायनस प्रोसेसला (मणक्याच्या मागच्या काट्याला) चिकटतो, नस डॉर्सल रॅमसच्या (पाठीकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या फाट्याच्या) मीडियल ब्रँचची. कंबरदुखीत दुखऱ्या बाजूला तो बारीक होतो आणि दुखणं थांबलं तरी बरेचदा आपोआप भरून येत नाही, हेही पाठ आहे. घोडं अडतं ते हात लावल्यावर. पेशंटला पालथं झोपवून एल-५ च्या (कमरेच्या पाचव्या मणक्याच्या) काट्याशेजारी अंगठे रुतवते, "हलकेच फुगवा" म्हणते, तर तो बिचारा अख्खी पाठ ताठ करतो! मग अंगठ्याखालचा ताण मल्टिफिडसचा, की त्याच्यावरून गेलेल्या इरेक्टर स्पायनीच्या (पाठ ताठ करणाऱ्या मोठ्या स्नायूंच्या) कंडऱ्याचा? कसं ओळखता? अल्ट्रासाउंड हाताशी नाही. तुम्ही नेमकी सूचना कोणत्या शब्दांत देता?