दाराचं रबर धड, तरी पायाखाली पाणी

प्रश्न: चिपळूणला राहतो. नऊ वर्षांची गाडी अंगणात उघड्यावरच असते. परवा रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी डावीकडच्या पुढच्या सीटपुढची चटई पिळून पाणी निघालं. आई तिथेच बसते, तिचे पाय भिजले, जिवाला लागलं. रबर बाहेरून चांगलं दिसतं. बदलू का?

उत्तर १: थांबा. कागदाची पट्टी चौकटीवर धरून दार लावा नि ओढा. सहज सुटली तर तिथं रबर दबलंय. असं दाराच्या चारही बाजूंनी बघा. कोपऱ्यांत जास्त वेळ द्या, रबर तिथंच आधी चिरतं.

उत्तर २: दाराच्या खालच्या कडेची भोकं बघितलीत? काचेवरून दारात पाणी उतरणारच, ते तिथून बाहेर पडतं. चिखलाने बुजली की दारात साठून गाडीत झिरपतं. आणि एसी लावल्यावरच ओल येत असेल तर त्याची निचऱ्याची नळी तुंबली असेल.

प्रश्नकर्ता: एसी बंदच होता. पट्टी सगळीकडे घट्ट. पण दोन्ही भोकं लाल मातीने गच्च! झाडूच्या काडीने मोकळी केली, तर तांब्याभर पाणी आलं. रबर साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून सिलिकॉन स्प्रेचा हात दिला.

उत्तर १: छान. ग्रीस मात्र लावू नका, रबर फुगतं. चटईखालचा फोम काढून उन्हात टाका, वरून कोरडा वाटला तरी आत ओल धरतो आणि पत्रा गंजतो.